मी वीस वर्षं मुलांना खोटं शिकवलं का?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका ख्रिस्ती आहेत आणि गेली वीस वर्षं चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतात. दर वर्षी सुरुवात बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या तीन अध्यायांनी होते: सहा दिवसांत निर्माण झालेलं जग, आदाम आणि हव्वा, सापाच्या रूपातला सैतान, सफरचंद, आणि त्या एका चुकीमुळे आपल्या सगळ्यांना जन्मतःच चिकटलेलं पाप. अलीकडे एका जुन्या ज्यू मैत्रिणीशी बोलताना हा विषय निघाला. मैत्रीण म्हणाली, ‘मूळ हिब्रूत यातलं काही नाही. सैतान नाही, सफरचंद नाही, जन्मजात पाप तर नाहीच. पहिलं वाक्यसुद्धा तुम्ही म्हणता तसं नाही.’ पत्रलेखिकेला राग आला आणि त्या बोलून गेल्या, ‘तुम्ही अर्धंच पुस्तक वाचता, म्हणून तुम्हाला अर्धंच कळतं.’ तेव्हापासून दोघींचं बोलणं तुटक झालंय. घरी येऊन त्यांनी ते अध्याय पुन्हा वाचले, तर सैतानाचं नाव खरंच सापडलं नाही. त्या विचारतात: मी इतकी वर्षं मुलांना खोटं शिकवत आले का? शिकवणं सोडावं का? आणि आमच्या दोघींत बरोबर कोण वाचतंय?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोन-तीनदा वाचली: ‘जे मला तोंडपाठ आहे असं वाटत होतं, ते त्या पानावर नव्हतंच.’ वीस वर्षं सांगितलेल्या गोष्टीबद्दल असं लक्षात येणं हादरवणारं असणार. पण भांडण झाल्यावर बहुतेक जण आपलंच कसं बरोबर आहे याची वचनं शोधत बसतात. तुम्ही तपासायला बसलात. म्हणून शिकवणं सोडायच्या प्रश्नाचं उत्तर मी आधीच देऊन टाकते: सोडू नका. कसं शिकवायचं, ते मात्र थोडं बदलावं लागेल.

आधी तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं घेऊ, कारण त्यात बरंच तथ्य आहे. उत्पत्तीत सफरचंद कुठेही नाही, नुसतं ‘फळ’ आहे. सफरचंद रंगवलं युरोपातल्या चित्रकारांनी, आणि तिथून ते मुलांच्या पुस्तकांत आलं. तालमूद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, याच फळावर वाद घातलाय. एक म्हणतो द्राक्ष. दुसरा म्हणतो अंजीर, कारण पुढे आदाम आणि हव्वेने अंजिराच्या पानांनीच अंग झाकलं. तिसरा म्हणतो गहू, कारण धान्याची चव घेतल्याशिवाय मूल आई-बाबा अशी हाक मारायला शिकत नाही. हा तिसरा तर्क मला फार आवडतो. झाड ज्ञानाचं होतं हे त्या रब्बीने किती बारकाईने ध्यानात ठेवलंय!

सापाचंही तसंच. तिसऱ्या अध्यायात तो सगळ्या जनावरांत धूर्त असा एक प्राणी आहे आणि त्याला मिळालेली शिक्षाही प्राण्याचीच आहे, पोटावर सरपटायची. सैतानाशी त्याची गाठ स्पष्टपणे पडते ती ख्रिस्ती बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात. पण ही निव्वळ ख्रिस्ती भर आहे असं तुमची मैत्रीण म्हणत असेल, तर तिथे मी तिला थांबवेन. ‘सैतानाच्या हेव्यामुळे मरण जगात आलं’ हे वचन शलमोनाच्या नावावर असलेल्या ज्ञानग्रंथातलं आहे, आणि तो ग्रंथ ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या एका ज्यू लेखकाचा आहे. ज्यूंनी पुढे तो आपल्या धर्मग्रंथांत घेतला नाही, कॅथलिकांच्या बायबलमध्ये मात्र तो आहे. म्हणजे एदेन बागेतल्या त्या गोष्टीत सैतान आणला गेला तो आधी ज्यूंच्याच घरात.

तुम्हा दोघींनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे आणि ती मला तपासावीशी वाटते. मैत्रीण निखळ मजकूर वाचते आणि तुम्ही मजकुरावर चढलेला थर वाचता, असं ते गृहीत आहे. तिने ते अभिमानाने धरलंय, तुम्ही भीतीने. पण निखळ मजकूर कोणाच्याच वाट्याला आलेला नाही. तिनेही तो तिच्या आजी-पणजींच्या कानांनीच ऐकलाय.

पहिल्याच वाक्याचं बघा. ‘बेरेशित बारा एलोहीम’. आपण वाचतो, ‘प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी उत्पन्न केली.’ अकराव्या शतकातले फ्रान्समधले भाष्यकार राशी (१०४०–११०५) म्हणतात, हे व्याकरणात बसत नाही. ‘रेशित’ हा शब्द पुढच्या शब्दाला धरून येतो, ‘अमुक गोष्टीच्या आरंभी’ असा. म्हणून वाचायचं ते असं: देव आकाश आणि पृथ्वी घडवू लागला तेव्हा पृथ्वी अस्ताव्यस्त होती, अंधार होता, पाण्यावर देवाचा वारा वाहत होता, आणि देव म्हणाला, ‘प्रकाश होवो.’ राशी पुढे आणखी एक गोष्ट दाखवतात: पाणी कधी निर्माण झालं ते सांगितलेलंच नाही, ते आधीपासून तिथे आहे. या वचनाला निर्मितीचा क्रम शिकवायचाच नाही, असं ते सरळ म्हणतात. तुमची मैत्रीण बहुधा हेच सांगत होती, कारण १९६२ सालच्या ज्यू इंग्रजी भाषांतरात हे वाचन आलंय आणि ते बरंच रुळलंय.

पण गंमत अशी की ‘प्रारंभी’ हे वाचनसुद्धा ज्यूंचंच आहे. ख्रिस्तजन्माच्या आधी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातल्या ज्यूंनी तोराचं, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचं, ग्रीक भाषांतर केलं, त्यात सुरुवातीला ‘आरंभी’ असाच शब्द घातला. योहानकृत शुभवर्तमान ‘प्रारंभी शब्द होता’ असं उघडतं, ते त्या ग्रीक शब्दाचे सूर धरून. आणि शून्यातून निर्मिती ही राशींच्या वाचनातून निसटणारी कल्पना त्यांच्यानंतर दीडशे वर्षांनी उचलून धरली ती स्पेनमधल्या गिरोनाचे रब्बी रामबान यांनी. तेव्हा ‘ज्यू असं वाचतात, ख्रिस्ती तसं वाचतात’ ही रेघ ओढायला गेलं की ती वाकडीतिकडी होते. पुष्कळदा रब्बी रब्बीशी भांडतो आणि ख्रिस्ती आचार्य नकळत त्यातल्या एकाच्या बाजूला उभा असतो.

अर्थात काही ठिकाणी रेघ अगदी ठळक आहे. ‘आपण आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य करू’ यातला ‘आपण’ कोण? ख्रिस्ती वाचक दुसऱ्या शतकापासून तिथे पिता आणि पुत्र यांचं बोलणं ऐकत आले आणि पुढे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं संपूर्ण त्रैक्य ऐकू लागले. रब्बी म्हणाले, देव देवदूतांशी सल्लामसलत करतोय. मिद्राशमध्ये, म्हणजे रब्बींच्या कथारूप भाष्यांत, एक प्रसंग आहे: मोशे हे लिहीत असताना थबकतो आणि विचारतो, ‘देवा, भलता अर्थ काढणाऱ्यांना ही फट कशाला?’ देव म्हणतो, ‘लिही. ज्याला चुकायचंय तो चुकेल.’ आणि राशी म्हणतात, हा धोका पत्करूनही ते अनेकवचन ठेवलं, कारण मोठ्याने धाकट्यांना विचारून काम करावं ही रीत त्यातून शिकवायची होती. शिक्षकाने हे वाचावं असं मला फार वाटतं.

सहा दिवसांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या वर्गातली मुलं विचारतीलच, सूर्य चौथ्या दिवशी आला तर पहिला दिवस कसा मोजला? हा प्रश्न विज्ञानाने आपल्यावर लादलेला नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने तो विचारला होता. ऑगस्टिन या ख्रिस्ती बिशपला (३५४–४३०) वाटायचं, देवाने सगळं एकदमच निर्माण केलं आणि दिवस हे आपल्या समजुतीसाठी केलेले भाग आहेत. मायमोनिदीस या बाराव्या शतकातल्या ज्यू तत्त्वज्ञाने लिहिलं की निर्मितीचं वर्णन सगळंच्या सगळं शब्दशः घ्यायचं नसतं. उलट आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये निर्मितीचं साल इसवी सनपूर्व ४००४ असं काढलं आणि ते कित्येक इंग्रजी बायबलांच्या समासात छापलं गेलं. मुलांना यातलं कोणतंही सांगा, पण हा प्रश्न विचारणं म्हणजे अश्रद्धा नाही, एवढं नक्की सांगा.

आता खरी दुखरी जागा, जन्मजात पाप.

तिसऱ्या अध्यायात ‘पाप’ हा शब्द नाही, ‘पतन’ही नाही. शाप मिळतो तो सापाला आणि जमिनीला. आदाम आणि हव्वेला कष्ट, वेदना आणि मरण मिळतं, पण ‘तुम्ही शापित’ असं देव त्यांना म्हणत नाही. उलट बाहेर काढण्याआधी तो त्यांच्यासाठी चामड्याचे कपडे करतो. ‘पाप’ हा शब्द पहिल्यांदा येतो चौथ्या अध्यायात, आदामाचा मुलगा काइन भावावर जळत असताना. देव त्याला म्हणतो, पाप दाराशी टपून बसलंय, पण तू त्याच्यावर ताबा ठेवू शकतोस. ज्यू परंपरेचा भर याच्यावर आहे. माणसात चांगली आणि वाईट अशा दोन ओढी असतात, ‘येत्झेर तोव’ आणि ‘येत्झेर हारा’, आणि निवड त्याच्या हातात असते. सहाव्या दिवशी देव ‘फार चांगलं’ म्हणाला, त्यातलं ‘फार’ म्हणजे ही वाईट ओढच, असं मिद्राश सांगतो. ती नसती तर कोणी घर बांधलं नसतं, लग्न केलं नसतं, मुलं झाली नसती.

ख्रिस्ती वाचन दुसऱ्या टोकाकडून येतं. प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आदाम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर उभं करतो. माझ्या समजुतीप्रमाणे पौलाला आधी ख्रिस्त भेटला आणि मग त्या उजेडात त्याने मागे वळून आदामाकडे पाहिलं. तारण इतकं सर्वांसाठी असेल तर गरजही सर्वांनाच असणार, हा त्याचा विचार. त्यावर जन्मजात दोषाचा सिद्धान्त उभारला ऑगस्टिनने, आणि त्याच्या हाती होतं लॅटिन भाषांतर. ग्रीकमध्ये जिथे साधारणपणे ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असा अर्थ निघतो, तिथे लॅटिनमध्ये ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केलं’ असं वाचता येत होतं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनी हे कधी असं घेतलं नाही. आदामाकडून आपल्याकडे मरण आणि दुबळेपण आलं, त्याचा दोष नाही, असं ते मानतात. म्हणजे ‘बाळ जन्मतःच दोषी’ हे सगळ्या ख्रिस्ती जगाचंही म्हणणं नाही.

आणि ज्यूंकडे हा विचारच नव्हता असंही नाही. इसवी सन ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या काही दशकांत दोन ज्यू ग्रंथ लिहिले गेले, एक एज्राच्या नावावर, एक बारूखच्या. पहिला आक्रोश करतो, आदामा, हे काय केलंस, पाप तू केलंस पण पतन तुझ्या एकट्याचं नव्हतं, आमचंही होतं. दुसरा म्हणतो, आदाम स्वतःपुरताच जबाबदार, आपल्यातला प्रत्येक जण आपापला आदाम झालाय. राखेत बसलेली माणसं एकमेकांना विचारत होती, हे असं का झालं? ज्यू परंपरेने पुढे प्रामुख्याने बारूखची वाट धरली, पश्चिमेकडच्या ख्रिस्ती परंपरेने एज्राची.

तर तुम्ही खोटं शिकवलंत का? नाही, ताई. तुम्ही तुमच्या चर्चने त्या गोष्टीत ऐकलेलं मुलांना सांगितलंत. चूक एवढीच झाली की पानावरचं काय आणि कानावरचं काय, हे वेगळं करून दाखवलं नाही, कारण तुम्हालाही ते कोणी दाखवलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी सौम्य करून सांगणार नाही. ‘अर्धंच पुस्तक’ हे वाक्य परत घ्या. स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलवर तेराव्या शतकातल्या दोन स्त्रियांच्या मूर्ती होत्या. एक चर्च: मुकुट घातलेली, ताठ. दुसरी सिनगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ: डोळ्यांवर पट्टी, हातातला भाला मोडलेला. ज्यूंना त्यांचाच ग्रंथ कळत नाही, हे दगडात कोरून शतकानुशतकं त्यांच्या डोळ्यांसमोर उभं केलं गेलं, आणि त्या समजुतीच्या आडोशाने त्यांच्यावर काय काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेत ज्यूंविषयीची भूमिका अधिकृतपणे बदलली, देवाने त्यांना टाकून दिलंय असं शिकवू नका म्हणून सांगितलं. तुमच्या मनात यातलं काहीच नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या मैत्रिणीने ते वाक्य फक्त तुमच्या तोंडून ऐकलं नसणार. शिवाय तिचं पुस्तक अर्धं नाहीच. तोरा ती मिश्ना (रब्बींच्या नियमांचा जुना संग्रह), तालमूद, मिद्राश आणि राशींसह वाचते, आणि दर वर्षी शेवटचं पान संपतं त्याच दिवशी ‘बेरेशित’ पुन्हा सुरू होतं.

तिच्याकडे जा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ असं जर-तर लावू नका. सरळ सांगा: ‘मी त्या दिवशी चुकीचं बोलले. तू म्हणालीस ते मी वाचून पाहिलं. सैतान त्या अध्यायात नाही.’ तुमचा विश्वास तिच्यापुढे मागे घ्यायची गरज नाही. योहान आणि पौल तुमचे आहेत आणि ते तुमचेच राहतील.

वर्गाचं म्हणाल, तर सगळ्यात आधी पाळकांशी किंवा फादरांशी बोला. त्यांच्या अपरोक्ष काही बदलू नका, मुलांच्या घरून प्रश्न आले तर ते तुमच्या पाठीशी असायला हवेत. तुम्ही कोणत्या चर्चमध्ये आहात हे पत्रात नाही. कॅथलिक असाल तर काम सोपं आहे, कारण १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातच लिहिलंय की तिसरा अध्याय प्रतिमांच्या भाषेत बोलतो, आणि तरीही मानवाच्या आरंभी घडलेली खरी घटना सांगतो. दुसऱ्या एखाद्या चर्चमध्ये शब्दशः वाचनाचा आग्रह असेल, तर पाळकांना एवढंच विचारा: पानावर जे आहे ते मुलांकडून नीट वाचून घ्यायला हरकत आहे का? याला कोणी नाही म्हणेल असं मला वाटत नाही.

अगदी लहान मुलांना जन्मजात पाप सांगूच नका. त्यांना प्रकाश, पाणी, मासे, पाखरं आणि ते चामड्याचे कपडे सांगा. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मात्र तिसरा अध्याय हातात द्या आणि शोधायला लावा: सफरचंद कुठे आहे? सैतान? पाप? सापडणार नाही तेव्हा वर्ग एकदम जागा होईल. मग चौथा अध्याय उघडा आणि काइनपाशी थांबा. त्यानंतर पौलाची ओळ वाचा आणि म्हणा, ‘आपलं चर्च या गोष्टीत हे ऐकतं.’ हे वाक्य तुमच्या जिभेवर रुळायला दोन-तीन रविवार लागतील. आणि शेवटी म्हणा, ‘येशू ज्या लोकांत वाढला, ते लोक या गोष्टीत आजही दुसरं काही ऐकतात,’ आणि दाराशी टपलेल्या पापावर ताबा ठेवण्याची ती गोष्ट त्यांना सांगा. मुलं गोंधळतील ही भीती मोठ्यांची असते. आजी एक गोष्ट एका तऱ्हेने सांगते आणि आई दुसऱ्या, हे त्यांच्या सवयीचं असतं.

याच ओघात हव्वेवरचा ठपकाही तपासा. ‘तिने आपल्याबरोबर असलेल्या पतीलाही दिलं,’ असं सहाव्या वचनात आहे. तो तिथेच होता आणि गप्प होता. ‘बाईमुळे सगळं झालं’ हे वाक्य वर्गातल्या मुली किती लहानपणी शिकतात, हे तुम्ही वीस वर्षांत पाहिलं असेल.

ज्या वाचकांच्या घरात, मैत्रीत किंवा लग्नात या दोन परंपरा एकत्र आल्या आहेत, त्यांनाही मी हेच सुचवेन: ‘मूळ मजकूर’ हा शब्द हत्यारासारखा वापरू नका. ज्यूंकडे ‘हावरुता’ नावाची अभ्यासाची पद्धत आहे. दोघं समोरासमोर बसतात, एक ओळ मोठ्याने वाचतात आणि तिच्यावर वाद घालतात. त्या शब्दाचं मूळ आणि हिब्रूतल्या ‘मित्र’ या शब्दाचं मूळ एकच आहे. एकमत व्हायलाच हवं असा दंडक नसतो.

तुम्ही दोघी बसलात तर पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू नका, तिथे जखम ताजी आहे. दुसऱ्या अध्यायाची पहिली तीन वचनं घ्या, सातव्या दिवसाची. तुमची मैत्रीण शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा सातवा दिवस, पाळत असेल, तर शुक्रवारी संध्याकाळी द्राक्षारसाच्या पेल्यावर हीच वचनं म्हणत असेल. पहिल्या सहा दिवसांच्या शेवटी ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ असं येतं, सातव्या दिवसाला मात्र ते वाक्य नाही. ऑगस्टिनला ते जाणवलं होतं. ‘कबुलीजबाब’ या आपल्या आत्मकथनाच्या अखेरीला तो लिहितो, त्या दिवसाला संध्याकाळ नाही. मिश्नामध्ये शब्बाथच्या स्तोत्राबद्दल म्हटलंय, ते येणाऱ्या काळासाठी आहे, जो दिवस पूर्णपणे शब्बाथच असेल त्यासाठी. तुम्ही तिला ऑगस्टिनचं सांगा, आणि तिला विचारा की तिच्या घरी या न आलेल्या संध्याकाळीबद्दल काय सांगतात. ती काय म्हणाली, ते मलाही कळवा.